मागच्याला सांगा

एका आजोबांना आधी चपला हव्या होत्या. एका काकूंना सायरन नको होता. शेजारीपाजारी काय म्हणतील? एक दांडगा पैलवान सुई बघून दाराच्या चौकटीला चिकटून बसला. आणि अधूनमधून कुणी ना कुणी कुरकुरायचं, "मागच्याला सांगा, मानेवर गार फुंकर घालू नको."

अँब्युलन्सवरची ताई सगळ्यांचं ऐकून घ्यायची, पण मान ताठ ठेवून. तिच्या हातून आजवर एकही पेशंट निसटला नव्हता. जिन्यात ती पुढे, ड्रायव्हरदादा मागे. दोघांची पावलं एकदम पडायची. लिफ्ट बंद? गेली उडत!

आज दुपारी चौथ्या मजल्यावरच्या काकांच्या छातीत कळ आली. खुर्चीला पट्ट्याने बांधलं तरी त्यांची बडबड थांबेना. "मला पाडलंत तर बघा!"

"काका, तुम्हाला देवाला उचलू देत नाही मी, पाडेन कशी? चला दादा!"

तिने पुढचे दांडे धरले. मागची बाजूही अलगद उचलली गेली.

दोन मजले उतरल्यावर काकांनी एकाएकी मान आखडून घेतली. मग हळूच म्हणाले, "ताई, मागच्याला सांगा..."

"दादा, जरा तोंड फिरवून श्वास घ्या हो," ताई वळून न बघताच म्हणाली.

"ताई!" खालच्या दारातून दादाचा आवाज आला. "दुसरा सिलिंडर घेऊन आलोच. एकटीने हात लावू नकोस!"

खुर्ची तसूभरही कलली नाही.

ताईने मुठी घट्ट केल्या, मान ताठ ठेवली आणि पुढची पायरी उतरली. मागचं पाऊल बरोबर तिच्यासोबत पडलं.

काकांचं वजन सव्वाशे किलो होतं.