बरणीचा खुराक

बरणीचं झाकण काही केल्या लागेना. मोजणीवालीनं दाबून पाहिलं, फिरवून पाहिलं, शेवटी बरणी तशीच टेबलावर ठेवली.

"काका, काल तुम्ही एवढं जेवलात?"

"जेवलो की," घड्याळजी म्हणाले आणि एका बंद घड्याळात डोकं घालून बसले.

आरोग्य केंद्राच्या आहार-पाहणीची पद्धत सोपी होती. माणसाला आहारातून क जीवनसत्त्व किती मिळतं ते शोधायचं, तर तो जे खाईल तेच, तेवढंच, एका बरणीत घालायचं. एक घास पोटात, एक बरणीत. रोज सकाळी मोजणीवाली येऊन बरणी प्रयोगशाळेत न्यायची. गेल्या खेपेला घड्याळजींच्या नावापुढं एकच शब्द आला होता: अपुरे.

तो शब्द त्यांच्या बायकोला फार लागला. "चाळीस वर्षं रांधतेय, आणि ही कालची पोर मला नापास करते," एवढं बोलून काकू ज्या गप्प झाल्या त्या झाल्याच. शेजारणीकडं वाटीभर भाजी जायची ती बंद झाली. विहीणबाईंना जेवायला बोलावलं होतं, तेही पुढं ढकललं. बायको अशी मुकी झालेली घड्याळजींना बघवेना. त्यांनी केंद्रात खेटे घालून फेरमोजणी मागून घेतली.

त्या फेरमोजणीचे पंधरा दिवस आज संपत होते. बरणीचे आकडे असे चढले की प्रयोगशाळेतल्या साहेबांनी यंत्रच दोनदा तपासलं. पण काल नवरा-बायकोच्या रक्ताचा अहवाल आला, आणि तो गेल्या खेपेपेक्षाही वाईट होता.

मोजणीवालीनं पिशवीतून काटा काढला. बरणीतली कोबी, टोमॅटो, संत्र्याच्या फोडी तोलल्या.

"खरं सांगा काका. तुमच्या ताटातलं यात किती?"

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "सगळंच. ही पाणी आणायला वळली की मी ताट बरणीत रिकामं करतो. हिला पुन्हा कमी मार्क पडायला नकोत."

 काकू पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत राहिल्या.

मोजणीवालीनं कागदावर आकडे मांडले. तिच्या कपाळावरची आठी गेली नाही. "तरी मेळ बसत नाही. बरणीचा वाटा एक, काकांचा एक. इथं तर तिघांचं जेवण आहे."

ओट्यावरचा हात थांबला.

"तिसरं माझं," काकू म्हणाल्या. "हे हात धुवायला उठले की मी घालते."

"अगं, पण तू कशाला?" घड्याळजी उठूनच उभे राहिले.

"मार्कांचं काय घेऊन बसलात? अपुरे, हे तुमच्या नावापुढं लिहिलं होतं. एवढी वर्षं या माणसाला मी अर्धपोटी ठेवलं, हेच डोक्यातून जाईना. म्हटलं, निदान कागदावर तरी पोटभर जेवू देत."

 मोजणीवालीला हसूही आलं आणि गलबलूनही आलं. तिनं तक्ता पुढं ओढला, सगळे आकडे खोडले, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:

बरणी ठणठणीत. नवरा-बायको उपाशी, एकमेकांपायी.