पाहुण्याला थंड चहा

सरकारी तपासणीला आलेल्या कर्णिक साहेबांनी बाटली उजेडात धरली आणि उन्नतीने श्वास रोखला.

राहनाळ गावच्या त्या गोदामात लिंबाच्या थंड चहाची खोकी पत्र्याला टेकतील इतकी रचलेली. अख्खा कंटेनर तैवानहून समुद्रातून आलेला. बाटलीवरची अक्षरं सगळी चिनी. तेव्हा नियमाप्रमाणे प्रत्येक बाटलीवर आपलं वेगळं स्टिकर हवं: माल काय आहे, कोणी आणला, कधी आणला, किंमत काय, शिवाय शाकाहारी असल्याचा हिरवा ठिपका. गावातल्या बायकांनी मांडी घालून, गप्पा मारत, सगळी स्टिकरं हाताने चिकटवली होती. त्यांच्यातल्या ठकुबाईच्या बोटांचा चिकटपणा अजून गेला नव्हता. फाटकाशी ट्रक लागलेला, ठाण्याच्या मॉलवाल्यांचे सकाळपासून फोनवर फोन. आता साहेबांनी तेवढं ‘माल सोडला’ म्हणायचं बाकी होतं.

“यो उन्हाला तुजा,” उन्नतीच्या बापाने, केसरीनाथने, गोदाम तिच्या हाती देताना सांगितलं होतं. “माल खपला न्हाय तं गाला भाड्यानं जाईल, कपरेवाल्याला.” आणि केसरीनाथ एकदा बोलला की बोलला, हे अख्ख्या राहनाळला ठाऊक.

साहेब माणूस वाईट नव्हता. सावकाश होता, एवढंच. या थप्पीतली एक बाटली घे, त्या थप्पीतली एक घे, स्टिकरवरून बोट फिरव, चष्मा वर कर, पुन्हा खाली कर. एकही ठिपका वाकडा निघाला नाही. उन्नतीला तिथल्या तिथे नाचावंसं वाटत होतं. साहेबांनी खिशातून पेन काढलं, टोपणाला हात घातला आणि थांबले.

“एक सांगा. हा चहा आहे की सरबत?”

“पेय आहे, सर. कागदावर शीतपेयच लिहिलंय.”

“कागदावर शीतपेय. बाटलीवरच्या स्टिकरवर मात्र चहा. चहा म्हटलं की नियम वेगळे, शीतपेय म्हटलं की वेगळे. मी वरती विचारतो. उत्तर आलं की बघू.”

वरून उत्तर यायचं म्हणजे जून उजाडणार, आणि जूनमध्ये थंड चहा कोण पितो? उन्नतीने कळवळून सांगितलं, कागद पुढे केले, पुन्हा सांगितलं. साहेब मान हलवत राहिले. पेनाचं टोपण काही निघेना.

तेवढ्यात गोदामामागच्या घरातून आक्का आली. आक्का म्हणजे केसरीनाथची थोरली बहीण, घरादाराचा कारभार तिच्या हातात. आत्ता त्या हातात पकडीत धरलेलं पातेलं होतं आणि तोंड पार उतरलेलं.

“उन्नती, तुजा माल खराब हाय गो.”

खाण्यापिण्याचा माल तपासायला आलेल्या माणसासमोर कोणी असं बोलतं? आक्काच्या तोंडावर हात ठेवावा असं उन्नतीला वाटलं, पण मधे साहेब उभे.

“खराब?” साहेबांनी पेन परत खिशात घातलं. “काय झालं?”

“दूध फाटलं, बगा.”

पातेल्यात पिवळट पाणी आणि त्यावर दुधाच्या गुठळ्या. तैवानच्या कंपनीने आधी नमुन्याला पाठवलेल्या बाटल्या घरच्या फ्रिजमध्ये होत्या. साहेबांची गाडी दारात दिसताच आक्काने त्यातल्या काही काढल्या, पातेल्यात ओतल्या, आलं ठेचून टाकलं, दूध घातलं आणि चांगली खळखळून उकळी आणली होती.

“पण उकळलास कशाला, आक्का?” उन्नती रडकुंडीला आली.

“मंग काय करू? सायेब दारात आलेत. पाहुन्याला थंड चहा देऊ? तुजा बापूस काय बोलंल मना?”

साहेबांनी पातेलं जवळ घेऊन वास घेतला. हसू आधी त्यांच्या मिशीत आलं, मग पोट हलायला लागलं.

“आक्का, लिंबू आहे त्यात. लिंबात दूध घातलं की फाटणारच. माल चांगला आहे.”

“लिंबू?” आक्काला हे कोणी सांगितलंच नव्हतं. ती भडकली. “दूध घालायचं न्हाय, गरम करायचं न्हाय, वर लिंबू. मंग त्याला चहा कशाला बोलतात? सरबत हाय ते.”

साहेबांच्या खिशातलं पेन बाहेर आलं आणि टोपणही निघालं.

“हेच मी वरती विचारणार होतो,” ते म्हणाले आणि त्यांनी सही केली.

उन्नतीला काय करू नि काय नको असं झालं. तिने आक्काला पातेल्यासकट मिठी मारली. फाटलेलं दूध तिच्या ओढणीवर सांडलं, त्याचंही तिला भान नव्हतं. बायका पदर खोचून उठल्या. ठकुबाईने पहिलं खोकं उचललं आणि ट्रकमध्ये ठेवताना हलकेच थोपटलं. साहेबांना आक्काने खराखुरा चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. तोही वाफाळता, दोन वेळा.

ट्रक भरला. ड्रायव्हर चाकाच्या सावलीत उन्हाने अर्धमेला होऊन बसला होता. आक्का घरात गेली आणि फ्रिजमधली उरलेली एक बाटली घेऊन आली.

“ले बाबा, सरबत पी.”

त्याने घटाघटा बाटली संपवली, रिकामी बाटली कपाळाला लावून डोळे मिटले. मग एक डोळा उघडला.

“आक्का, और है क्या?”

आक्काने उन्नतीकडे पाहिलं. उन्नती नुसती हसत होती.

“ठाने में मिलेगा,” आक्का म्हणाली. “पैसा देके.”