माईंचे टाळकरी

"माई, उपचारांचं उद्दिष्ट एवढंच लिहितो, खुर्चीत बसून घरच्यांशी बोलणं," पुनर्वसन केंद्रातल्या बैठकीत डॉक्टर म्हणाले.

डोक्याला मार लागून उजवी बाजू लुळी पडलेल्या शकूमाईंनी डाव्या हाताने कागद ओढून घेतला. "नाही! की... कीर्तन. उभं... उभं राहून."

"आणि भर सभेत शब्द अडला तर हो, माई?" बोलायला शिकवणाऱ्या ताईंनी काळजीने विचारलं.

माईंना हसूच आलं. तीस वर्षं त्यांच्या कीर्तनात शब्द अडला की पाठीमागचे टाळकरी नाम उचलून धरायचे, तेवढ्यात तो परत यायचा. एकटा कीर्तनकार कधी कुणी पाहिलाय? काठी टेकत त्या उठल्या आणि मानेने खुणावत सगळ्यांना पाठीमागे ओळीने उभं केलं. डॉक्टरांनाही.

"देव... देव..." शब्द अडलाच. माईंनी मागे वळून डोळे वटारले, तसं व्यायाम घेणाऱ्या दादांनी भसाड्या आवाजात "विठ्ठल विठ्ठल" धरलं. बाकीचेही टाळ्या वाजवत मिळाले.

"देव उभा!" माईंचा आवाज खणखणला. "मीही... उभी! लिहा."

डॉक्टरांनी लिहिलं: उभं राहून कीर्तन.

"ताल... चुकतोय तुमचा," माईंनी त्यांनाच सुनावलं. "उद्या... सराव!"