चांदीचं वाघनख

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणून बघा. बाहेर अजून ऊन आहे, अंगणात तुमची सायकल उभी आहे आणि घरातलं कुणीच तुम्हाला उंबरा ओलांडू देत नाही. घोड नदीकाठच्या उसात बिबट्या दिसल्यापासून वैष्णवीच्या सगळ्या संध्याकाळी अशाच कुढत चालल्या होत्या.

शेवटी आबांनी सोनाराकडून चांदीचं वाघनख घडवून आणलं आणि काळ्या दोऱ्यात ओवून नातीच्या गळ्यात बांधलं.

"पूर्वी वाघाचं खरं नख चांदीत मढवायचे," आबांनी तिला समजावलं. "आता खरं नख ठेवणं गुन्हा हाय, म्हणून चांदीलाच नखाचा आकार देत्यात. हे गळ्यात असलं की लेकराच्या वाटंला वाघसुद्धा जात न्हाई, असं जुनी माणसं म्हणायची."

"मग जाऊ का आबा सायकल खेळायला?"

"आजाबात न्हाई."

"मग ह्याचा उपेग काय?" वैष्णवीनं फणकाऱ्यानं विचारलं.

दिवस मावळता मावळता शेतातली लाईट आली. आईनं पदर खोचला, बॅटरी उचलली आणि उसाला पाणी द्यायला मोटर चालू करायला निघाली. तिला उंबऱ्यावर कुणीच अडवलं नाही.



वैष्णवीनं गळ्यातलं वाघनख काढलं आणि "मी तर घरातच हाय," म्हणत आईच्या गळ्यात बांधलं.