भाव न करणारं गिऱ्हाईक

“कोड पाठवलाय. स्कॅन करून पिन टाका, पैसे लगेच तुमच्या खात्यात,” फोनवरचा माणूस हिंदीत सांगत होता.

सुदामाचं बोट शेवटच्या आकड्यावर होतं. तेवढ्यात बुद्धप्रियानं काउंटरपलीकडून हात घालून फोन काढून घेतला.

“काका, पैसे घ्यायला पिन लागत न्हाई. पिन टाकला की आपलेच जातेत.”

नांदेडातल्या तिच्या मोबाईलच्या दुकानातूनच सुदामानं बाजाच्या पेटीची जाहिरात टाकली होती. फोटो तिनंच काढला, पेटीमागे चादर लावून. चादर सुदामानं गावाहून आणली होती.

“अजून एक ध्यानात ठेवा. भाव न करता हाव म्हणल, ते गिऱ्हाईक खोटं. खरा माणूस शंभर रुपयांसाठी बी घासाघीस करतो. आन् एवढी जिवाची पेटी इकून कशाला राहिले?”

“बायकोच्या कानाला मशीन घ्यायचंय,” सुदाम खाली बघत म्हणाला.

अयोध्याबाई कीर्तनात टाळ घेऊन पहिल्या रांगेत बसायच्या. मग ऐकू येईना. एकदा भलत्याच जागी टाळ वाजला, बाया हसल्या. तेव्हापासून त्या घरीच.

पेटी अकरा वर्षं सुदामाच्या घरी होती. त्याच्याशिवाय कुणी भात्याला हात लावला नव्हता. सप्ताहाला तोच डोक्यावर देवळात नेई, तोच परत आणी.

तो दुकानातच असताना दुसरा फोन लातूरहून आला, व्यंकटराव म्हणून कुणाचा. “फोटो पाहिला. अठरा हजार ना? ठीक. येतो मी नांदेडला.”

“नको नको,” सुदाम घाईनं म्हणाला. “मीच लातूरला आणतो.”

बुद्धप्रियानं कपाळाला हात लावला. “भाव केला न्हाई? मंग खोटंच. आन् इकणारा कधी वझं घेऊन जात असतो का, काका? जायचंच असंल तर चार माणसांत बसा, रोखच घ्या.”

लातूरच्या बसस्थानकासमोर रसवंतीत दोघं भेटले. व्यंकटराव सत्तरीचे, गळ्यात तुळशीची माळ. “माउली,” म्हणत ते पायांकडे वाकले. कीर्तनातली रीतच ती, आपणही उलट वाकायचं असतं. सुदामानं पाय मागे घेतले.

व्यंकटरावांनी पेटीला नमस्कार केला. बाजूवरून बोट फिरवलं.

“इथं घासलंय का?”

“जुनी हाय. पॉलिश उडालं.”

त्यांनी वरची फळी उचलली. आत सुरांशेजारच्या खिळ्याला एक तुळशीचा मणी दोऱ्यानं बांधलेला होता.

“हा?”

“पेटीबरोबरच आला होता. मी काढला न्हाई.”

“वाजवा की मग. आन् इकता कशापायी?”

सुदामानं अयोध्याबाईंच्या कानाचं सांगितलं आणि भाता हलवला. बोटं नेहमीसारखी पडेनात. तरी अभंगाची चाल निघाली तसे व्यंकटराव डोळे मिटून गुणगुणू लागले. रसवाल्यानं घाणा थांबवला.

चाल संपल्यावर त्यांनी पाकीट पुढे केलं. सुदामानं एक नोट उजेडात धरून पाहिली आणि त्याचे कान तापले.

“बघा, बघा,” व्यंकटराव हसले. “दिवस तसलेच हायेत.”

“एक इचारू? तुम्ही भाव का केला न्हाई?”

व्यंकटरावांनी कड्या लावल्या. पेटीला चादर गुंडाळली, गाठ मारली आणि पेटी हळूच सुदामाच्या मांडीवर ठेवली.

“तो मणी माझ्या आईनं बांधलाय,” ते आवाज खाली घेत म्हणाले. “तुमच्या गावच्या विठोबाला गुप्तदान द्यायला ही पेटी घेतली, तेव्हा बी भाव केला नव्हता. बाईंना मशीन लावून पुढं बसवा. आन् एकादशीच्या आत, घासलेलं देवळाचं नाव तेवढं परत लिहून घ्या.”