सेनापतींचा मोतद्दार

ऑफिसात माझी किंमत शून्य. साहेब केबिनमध्ये नुसते खाकरले तरी मी खुर्चीतून उठतो.

पण मोबाइलवर आमचा एक लिहून खेळायचा खेळ आहे, तिथे मी सेनापती. बोलायचं ते सरळ लिहायचं, करायचं ते दोन स्टारच्या मध्ये, आणि खरं नाव कुणी कुणाला विचारायचं नाही. माझा घोडा सांभाळणारा मोतद्दार पक्का कामचुकार, पण बिचारा कधी उलटून बोलत नाही. साहेबांवरचा सगळा राग मी दोन वर्षं त्याच्यावर काढतोय.

आज दुपारी साहेबांनी मला सगळ्यांदेखत झापलं. जागेवर येऊन मी तडक मोबाइल उचलला आणि लिहिलं, "*मिशीला पीळ देतो* गाढवा, घोड्याला खरारा केलास का?"

पाठवल्यावर दिसलं, हा ऑफिसचा ग्रुप!

तीस जणांनी वाचलं. केबिनमधून खाकरल्याचा आवाज आला. मी सवयीने उठून उभा राहिलो, तेवढ्यात ग्रुपवर साहेबांचं उत्तर आलं.



"*कमरेत वाकतो* चुकलं, सरकार. आत्ता करतो."