बिबट्याची जाहिरात

"मामा, खरं सांग, हे खरंच घडलंय की ठरवून केलंय?" भाचीनं मोबाइल दिगंबरच्या नाकासमोर धरला. बारशाला जमलेली मंडळी वाकून बघू लागली.

व्हिडिओत टीव्हीच्या दुकानात दिसणारी खिडकी ही खिडकी नव्हतीच, जाहिरातीसाठी भिंतीत बसवलेला कंपनीचा नवा टीव्ही होता. त्यातून बिबट्यानं झेप घेतली आणि दिगंबर बायकोचा हात झटकून दाराबाहेर पळाला. छुप्या कॅमेऱ्यात सापडलेलं ते पळणं आता अख्ख्या नाशिकनं पाहिलं होतं.

"ठरवूनच गं! दोनदा तालीम घेतली आमची," तो हसत म्हणाला. शेजारी बसलेल्या शैलानं, त्याच्या बायकोनं, मान डोलावली.

"काय अ‍ॅक्टिंग केलीस रे! अगदी खरं वाटतं," बहीण म्हणाली.

भाचीनं व्हिडिओ थांबवला. "पण मामी, बिबट्या तर इकडे आहे. तू दाराकडे काय बघतेयस?"

दिगंबरच्या तोंडातल्या घुगऱ्या तोंडातच राहिल्या.

"तसंच बघायला सांगितलं होतं," शैला म्हणाली.

निघताना त्यानं स्कूटर सुरू केली आणि खांद्यावर तिचा हात येईल म्हणून थांबून राहिला.

"चला की," मागची दांडी पकडून ती म्हणाली. "मी धरलंय घट्ट."